मर्लच्या सुया

पोर्ट कॅरो या समुद्रकाठच्या गावच्या मेमोरियल हॉलमध्ये तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीला एक चौकड्यांची उशी बांधलेली आहे. ती मर्ल पोल्किंगहॉर्नची. या हॉलमध्ये लग्नाच्या मेजवान्या झडतात, बार्लीच्या भावावरून शेतकऱ्यांच्या सभा गाजतात, रक्तदानाची शिबिरं भरतात. त्या त्या वेळी ज्याच्या वाट्याला ती खुर्ची येईल तो उशी सोडून खाली ठेवतो आणि उठताना आठवणीनं परत बांधतो. तसं करा असं कुणी सांगितलेलं नाही. पण चर्चमध्ये शिरताना टोपी काढा असंही कुणी सांगत नाही.

मर्ल त्या उशीवर खऱ्या अर्थानं बसते ती वर्षातून एकदाच. सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी पोर्ट कॅरोचं नाट्यमंडळ दहा-दहा मिनिटांची नाटकं करतं तेव्हा. नियम सोपे आहेत. नाटक नवं हवं, लिहिणारा आपल्या द्वीपकल्पावरचा हवा, आणि जिवंत हवा. दहा मिनिटं झाली की मंडळाची अध्यक्ष जनीन रॉडा स्वतः दिवे घालवते, मग नायक शेवटचे श्वास मोजत असो की लग्नाची मागणी घालायला गुडघ्यावर बसलेला असो. जनीनचं केस कापायचं दुकान आहे. वाढलेलं छाटताना तिचा हात थरथरत नाही.

मेलेल्या लेखकाचं नाटक बघणं फार सोपं असतं. आवडलं तर वा म्हणावं, नाही आवडलं तर पाय लांब करून झोपावं. त्याचं काही जात नाही. जिवंत लेखकाचं तसं नाही. तो तुमच्या पुढच्या नाहीतर मागच्या रांगेत बसलेला असतो, तुम्ही कुठे हसलात आणि कुठे खोकलात ते टिपत असतो, आणि सोमवारी सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या तुम्हाला त्याच्याकडूनच घ्यायच्या असतात. म्हणून पोर्ट कॅरोत कुणाचंही नाटक पडत नाही. ते 'वेगळं' असतं. "वेगळं होतं हं!" असं म्हणून माणसं चहाकडे पळतात.

पळत नाहीत त्या फक्त मर्लच्या सुया.

मर्ल नाटक बघताना विणते. अंधारात, न बघता, एक सुलट एक उलट. सुया तिच्या आजीच्या, पोलादी. त्यांची टकटक शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. नाटक जेमतेम असेल तर टकटक संथ चालते. नाटक रटाळ झालं की वेग वाढतो. आणि नाटक खरोखरच चांगलं निघालं तर सुया थांबतात. ती मुद्दाम थांबवत नाही, बरं का. हातच विसरतात. मग सगळ्या हॉलला ती शांतता ऐकू येते, माणसं खुर्चीत पुढे सरकतात, एकमेकांना कोपरं मारतात, आणि विंगेत उभ्या असलेल्या नटाच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्यामुळे मंडळाचा सगळा इतिहास पोल्किंगहॉर्नांच्या कपाटात घडी घालून ठेवलेला आहे. ज्या वर्षी हवामानबदलावरच सगळी नाटकं आली, त्या वर्षी मर्लच्या नवऱ्याला, क्लेमला, पूर्ण बाह्यांचा स्वेटर मिळाला. ज्या वर्षी मुख्याध्यापिकेनं घटस्फोटावरची नाटकं पाठोपाठ दिली, त्या वर्षी त्याच्या बहिणीला शाल. चांगल्या वर्षी साधी कानटोपीसुद्धा पुरी होत नाही. क्लेम तर हॉलमध्ये शिरताना हळूच म्हणतो, "देवा, यंदा जरा वाईट असू देत. पायमोजे फाटलेत."

क्लेम जन्मभर धान्याच्या कोठारावर कामाला होता. तिथल्या यंत्रांच्या घरघरीनं त्याचे कान गेले. आता कानात यंत्र आहे, पण नाटक सुरू झालं की तो ते बंद करतो आणि हनुवटी छातीला टेकवून बसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, केवढा विचार करतोय माणूस!

आता सुयांचा सर्वांत मोठा बळी सांगायला हवा. ग्रॅहम टिडस्वेल. औषधाच्या दुकानाचा मालक, मंडळाचा खजिनदार, आणि तिथला एकमेव माणूस जो स्वतःला नाटककार म्हणवतो. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे लेखकाचं नाव नाटकाआधी गुप्त असतं. संहिता जनीनच्या दुकानातल्या पेटीत बिननावी टाकायच्या, आणि चहानंतर, अगदी शेवटी, "लेखकानं उभं राहावं" अशी आरोळी झाली की आपापल्या जागी उभं राहायचं. काही नाटकं इतकी वाईट झाली की त्यांना अजून बाप मिळालेला नाही. ग्रॅहमच्या बाबतीत मात्र गुप्ततेचा उपयोग नसतो. पडदा उघडला आणि रंगमंचावर बाक दिसलं की नाटक ग्रॅहमचं. बाकावर एक माणूस बसलेला असतो, समोर समुद्र असतो, आणि तो माणूस कुणा मेलेल्या माणसाशी बोलत असतो. समुद्र दिसत नाही, मेलेला दिसत नाही, आणि पुष्कळदा कारणही दिसत नाही.

ग्रॅहमसाठी सुया कधीच थांबल्या नव्हत्या. त्याच्या एका नाटकात तर मर्लनं अख्ख्या पायमोज्याची टाच वळवली होती. टाच वळवायला किती लक्ष लागतं ते विणणारीला विचारा.

गेल्या वर्षी, नाटकांनंतरच्या सोमवारी, ती गोळ्या घ्यायला दुकानात गेली. ग्रॅहमनं पुडकं काउंटरवर ठेवलं, पण हात त्याच्यावरून काढला नाही.

"मर्ल, एक विचारू? काल माझ्या नाटकात तू काय विणलंस?"

"टाच."

"पुरी झाली?"

"झाली की. छान बसली. क्लेमनं आज घातलीय."

ग्रॅहमचा चेहरा खोकल्याच्या औषधासारखा झाला. "नुसतं बसून सुया वाजवणं सोपं असतं. एकदा लिहून बघ. दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं भरून दाखव, मग बोलू."

"बोललं कोण? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तेच तर!" ग्रॅहम म्हणाला आणि त्यानं पुडकं सोडलं.

मर्ल हसत हसत बाहेर पडली, पण जेटीपर्यंत येईस्तोवर हसू मावळलं होतं. बोलणं तिला लागलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते तिला पटलं होतं. इतकी वर्षं आपण दुसऱ्यांच्या नाटकांवर स्वेटर काढले. आपल्याला तरी येतं का?

मग क्लेम पहाटे खेकडे पकडायला बोट घेऊन गेला की मर्ल स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहू लागली. पहिल्यांदा तिनं एका राणीचं नाटक लिहिलं. राणी काय खाते हेच तिला माहीत नव्हतं, म्हणून ते सोडलं. मग खुनाचं लिहिलं. त्यात खून झालेलाच माणूस इतका बरा निघाला की तिला त्याला मारवेना. नाटकं बघून बघून तिच्या डोक्यात नियम मात्र पक्के होते. रंगमंचावर फोन वाजला की समजावं, लेखकाला पुढचं सुचलेलं नाही. पहिल्याच मिनिटात कुणी रडलं तर उरलेली नऊ मिनिटं आपल्याला रडावं लागतं. आणि कुणी खिडकीजवळ जाऊन "आठवतं तुला?" म्हणालं की सुयांना वेग द्यावा. तिनं लिहिलेलं पहिलं पान तिनं स्वतःच मोठ्यानं वाचलं. त्यात फोन होता, रडणं होतं, आणि खिडकीसुद्धा होती.

"अरे ग्रॅहम," ती पानाला म्हणाली, "माझ्या बाबा, चुकलं माझं."

पण पुढच्या आठवड्यात ती क्लेमबरोबर जेटीवर गेली. क्लेमनं गाडीला जोडलेला बोटीचा ट्रेलर पाण्याकडच्या उतारावरून मागे घ्यायला सुरुवात केली, मर्ल नेहमीप्रमाणे पाठीमागे उभी राहून हातवारे करू लागली, क्लेमनं नेहमीप्रमाणे गाडी उलट्या बाजूला वळवली, दोघांनी नेहमीप्रमाणे एकमेकांच्या खानदानाचा उद्धार केला, आणि मर्ल मध्येच गप्प झाली.

"काय झालं?" क्लेम खिडकीतून ओरडला. "थांबलीस का? बोलत राहा! तू बोलली नाहीस तर मला कळणार कसं मी कुठे आहे ते?"

मर्लला तिचं नाटक सापडलं होतं.

नाव दिलं 'अजून थोडं मागे'. नवरा गाडीत, बायको मागे, आणि मध्ये बोट. बास. वाचनालयातल्या यंत्रावर छापून काढलं आणि केस कापायला गेली तेव्हा जनीनची पाठ वळलेली बघून पेटीत टाकलं. क्लेमलाही सांगितलं नाही. जनीननं निवडलं. तालमींना जाणं शक्यच नव्हतं. मर्ल तालमीला आली असती तर गावानं डॉक्टर बोलावला असता.

मग मात्र तिची झोप उडाली. कारण नाटकांचा रविवार जवळ आला तसं एक भलतंच लक्षात आलं. नाटक चांगलं आहे की नाही हे तिला एकदाच, खरंखुरं, कळायला हवं होतं. पण कळणार कुणाकडून? लोक तोंडानं 'वेगळं' म्हणणार, आणि कानानं ऐकणार ते मर्लच्या सुया! सुया थांबल्या तर मर्लला आवडलं म्हणून टाळ्या वाजवणार. सुया चालल्या तर मर्लला नाही आवडलं म्हणून चहाकडे पळणार. साऱ्या गावात प्रामाणिक मत तिचं एकटीचं होतं आणि नेमकं तेच आज तिच्या कामाचं नव्हतं.

खूप विचार करून तिनं ठरवलं: विणायचं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, थांबायचं नाही, उलट जोरात. भर बाजारात पोटच्या पोराला ओळख न दाखवणाऱ्या आईसारखं. एवढं करूनही एखादा माणूस जरी हसला, तर ते हसू खरं.

रविवारी क्लेम सकाळीच खेकड्यांना गेला आणि बोट घरी न सोडता तसाच हॉलवर आला. हॉलच्या बाजूच्या अरुंद गल्लीत त्यानं गाडी नाकासमोर घुसवली, मागे ट्रेलर, ट्रेलरवर बोट.

"बाहेर कसा काढणार हे?" जनीननं विचारलं.

"मागे घेऊन."

"तू?"

"मर्ल आहे ना," क्लेम म्हणाला आणि आत जाऊन छातीवर हनुवटी टेकवली.

हॉल भरला होता. पत्र्याच्या छपरावर गलाह काकाकुवे नाचत होते. पहिल्या नाटकात वाइनचे ग्लास आले आणि मर्लच्या मोज्याला चांगला वीतभर पाय फुटला. त्यानंतर बाक आलं. सगळे ओळखून सावरून बसले. पण या वेळी बाकावरच्या माणसाच्या हातात कुत्र्याचा पट्टा होता, नुसताच, पुढे कुत्रा नसलेला. तो माणूस उठताना सवयीनं पट्टा हलवून "चल" म्हणाला, तेव्हा मर्लच्या सुया अडखळल्या. थांबल्या नाहीत, अडखळल्या. पुढच्या रांगेतल्या ग्रॅहमची मान ताठ झाली. वर्षभरापूर्वी मर्लला ती मान दिसलीही नसती. आता तिला त्या मानेची दया आली. लिहिणाऱ्याला मानेनंसुद्धा ऐकावं लागतं हे तिला नवीनच कळलं होतं.

मग दिवे आले आणि रंगमंचावर स्वयंपाकघरातली एक खुर्ची. तिच्यावर खाटीक डॅरिल, हातात चाक म्हणून कागदी बशी. खुर्चीला दोरीनं बांधलेली दुसरी खुर्ची, ती बोट. पाठीमागे शाळेच्या बसची ड्रायव्हर लिनेट, दोन्ही हात वर.

मर्लनं सुया धरल्या. टक-टक-टक-टक.

"ये," लिनेट म्हणाली. "ये, ये, ये. डावीकडे. अरे डावीकडे!"

"वळवतोय ना!" असं उत्तर आलं, पण ते डॅरिलचं नव्हतं. ते तिसऱ्या रांगेतून आलं. क्लेम झोपेतून ताडकन् उठून बसला होता आणि त्याचे हात हवेत चाक फिरवत होते. इतक्या वर्षांत 'डावीकडे' हा एक शब्द मात्र त्याला यंत्राशिवाय ऐकू यायला लागला होता.

हॉलमध्ये हशा फुटला. हे हसू क्लेमवरचं, नाटकाचं नव्हे, हे काही धरता येत नाही, मर्लनं मनाशी म्हटलं. तिनं वेग वाढवला. क्लेमनं इकडेतिकडे पाहिलं, कानाशी हात नेला आणि यंत्र सुरू केलं.

"तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" लिनेट ओरडली.

"तुझी डावी कुठली ते मला काय माहीत? तू सारखी फिरतेस!"

"मी उभी आहे! फिरतोयस तू!"

आता सगळीकडून हसू येत होतं. मागून, बाजूनं, खिडकीजवळच्या म्हाताऱ्यांच्या कोपऱ्यातून. एक शेतकरी बायकोकडे बोट दाखवत होता, बायको त्याच्याकडे. सुयांकडे कुणी बघत नव्हतं. मर्ल जिवाच्या आकांतानं वाजवत होती आणि कुणीही बघत नव्हतं.

मग नाटक जरा वळलं. लिनेटच्या लक्षात येतं की नवरा आरशात बघतच नाहीये. गेलं वर्षभर त्याला आरशात धड दिसतच नाही, आणि तो नुसत्या तिच्या आवाजावर गाडी मागे घेतोय. ती हात हळूहळू खाली करते. हातांचा उपयोगच नव्हता कधी.

"थांबलीस का?" डॅरिलनं विचारलं. "बोलत राहा. तू बोललीस की मला कळतं मी कुठे आहे."

हॉलमध्ये माशी उडाली असती तर ऐकू आली असती. माशी नव्हती. टक-टक-टक-टक होतं.

पुढच्या रांगेतली मान वळली. ग्रॅहम टिडस्वेल, डोळे ओले, नाक लाल, दात-ओठ खात कुजबुजला, "मर्ल! बंद कर ती कटकट! नाटक चाललंय!"

"शूऽऽ!" मागून कुणीतरी म्हणालं. ते ग्रॅहमला नव्हतं. मर्लला होतं.

मर्ल पोल्किंगहॉर्नला आजवर हॉलमध्ये कुणी गप्प केलं नव्हतं. तिनं सुया मांडीवर ठेवल्या. अंधारात तिला इतकं हसू येत होतं की तिनं विणकामात तोंड खुपसलं, आणि तेव्हा तिला कळलं की खुपसायला विणकामच उरलेलं नाही. टाके कधीच सुईवरून उतरले होते. मोजा उसवून मांडीवर लोकरीचा गुंता झाला होता, आणि इतका वेळ ती नुसत्याच रिकाम्या सुया एकमेकींवर आपटत होती. हात विसरलेच होते. फक्त आवाज तेवढा चालू राहिला होता.

चहाच्या वेळी व्हरांड्यात नेहमीप्रमाणे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्या होत्या, प्रत्येक नाटकाच्या नावाची एक. प्रत्येकाला दारात एक चिमटा मिळतो; जे नाटक आवडलं त्याच्या दोरीला तो लावायचा. मर्लनं चिमटा लावेपर्यंत बहुतेक चिमटे खिशातच राहतात. टेबलावर खिमा-बटाट्याच्या पास्टी होत्या, करंजीच्या थोरल्या बहिणी, आणि सारणात गाजर घालावं की नाही यावरून दरवर्षीचं भांडण. आज मात्र गाजराचं नाव कुणी काढलं नाही. सगळे त्या बोटीबद्दल बोलत होते. कुणी म्हणत होतं, लेखक मुख्याध्यापिकाच. कुणी म्हणत होतं, खुद्द लिनेट.

मर्ल उठली, दोऱ्यांसमोरून सावकाश चालत गेली, आणि तिनं आपला चिमटा ग्रॅहमच्या बाकाला लावला.

ग्रॅहमच्या हातातली पास्टी वाटेतच थांबली. कितीतरी वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता, आणि क्षण आला तेव्हा त्याच्या तोंडात घास होता.

"माझं?" तो म्हणाला. मग सावरून, "म्हणजे, बाक? का?"

"कुत्र्याचा पट्टा आवडला मला."

"आणि बोटीचं?"

"ठीक होतं," मर्ल पास्टीवर सॉस ओतत म्हणाली. "वेगळं होतं."

"वेगळं?" ग्रॅहमनं बशी खाली ठेवली. "वेगळं? मर्ल, तू झोपली होतीस का?"

"विणत होते. ऐकलंस की तू."

"अख्ख्या गावानं ऐकलं! लाज वाटायला हवी!"

"अरे पण त्यात आहे काय? नवरा-बायको भांडतात. ते तर मी घरी बघते, तिकीट न काढता. आणि शेवट जरा ताणलाय."

"ताणलाय?" ग्रॅहम आता लाल झाला होता. "त्यात एक शब्द जास्त नाही! ती हात खाली घेते तेव्हा... तुला कळलं तरी का ती हात का खाली घेते? कधीपासून मी सहन करतोय, पण आज सांगतोच. तुला नाटकातलं काही म्हणजे काही कळत नाही!"

आणि तरातरा जाऊन त्यानं आपला चिमटा बोटीच्या दोरीला असा लावला की दोरी हलली. त्याच्यामागून बाकीचे गेले. एकेक करून, मर्लच्या डोळ्यांदेखत, मर्लकडे न बघता. दोरी वाकली.

मर्लनं पास्टीचा मोठा घास घेतला. बोलणी खायची एवढी गोडी तिला आयुष्यात कधी लागली नव्हती. आता "लेखकानं उभं राहावं" झालं की आपण उभं राहायचंच नाही, असं तिनं ठरवूनही टाकलं. राहू दे एक नाटक बिनबापाचं. वर्षभर ग्रॅहमला ते कुणाचं ते शोधू दे, आणि वर्षभर गोळ्या घेताना आपण त्याच्याकडून आपलीच स्तुती ऐकू.

तेवढ्यात जनीन धावत आली. "क्लेम! शेजारच्या गावच्या मंडळींची बस निघायचीय, तुझी बोट आडवी आलीय! काढ बाबा आधी!"

क्लेम उठला, खिशातून किल्ल्या काढत गल्लीकडे गेला. मर्ल सवयीनं त्याच्यामागे गेली, तोंडात घास तसाच. व्हरांड्यातले लोक चहाचे कप घेऊन कठड्याशी आले. बोट मागे घेताना बघण्याइतकी करमणूक पोर्ट कॅरोत फुकट मिळत नाही.

गाडी सुरू झाली. मर्ल बोटीमागे उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

"ये," ती म्हणाली. "ये, ये, ये. डावीकडे. अरे डावीकडे!"

"वळवतोय ना!"

"तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!"

व्हरांड्यात एक कप बशीवर आपटला. मर्लला आधी कळलंच नाही. तिचं लक्ष कुंपणाच्या खांबाकडे होतं. ट्रेलरचं चाक खांबाला टेकायला आलं तशी ती गप्प होऊन वाकून बघायला लागली, आणि गाडीच्या खिडकीतून क्लेमचा आवाज आला:

"थांबलीस का? बोलत राहा! तू बोलली नाहीस तर मला कळणार कसं मी कुठे आहे ते?"

मर्ल सावकाश वळली. सबंध पोर्ट कॅरो कठड्याला टेकून तिच्याकडे बघत होतं. सर्वांत पुढे ग्रॅहम टिडस्वेल होता, तोंड उघडं, मिशीवर पास्टीचा चुरा. त्याच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट चालत गेली: बोट, सुया, चिमटा, 'ठीक होतं', 'ताणलाय', आणि शेवटी स्वतःचंच वाक्य, कुणाला काय कळत नाही त्याबद्दलचं.

"सटवे," तो हळूच म्हणाला. आणि मग टाळ्या वाजवायला लागला.

जनीननं तोंडाशी दोन्ही हात धरून आरोळी ठोकली, "लेखकानं उभं राहावं!"

"उभीच आहे की गं कधीची!" मर्ल ओरडली. "तू सर आधी तिथून, नाहीतर तो तुझ्या पायावरून नेईल!"

टाळ्यांचा आवाज यंत्रातून क्लेमच्या कानात शिरला तसं त्यानं डोकं बाहेर काढलं. "कसल्या टाळ्या? अजून निघाली पण नाही बोट!"

"ते दुपारचं नाटक माझं होतं, क्लेम!"

क्लेमनं व्हरांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आपलं मत दिलं.

"चांगलं होतं. पण तो माणूस बरोबर वळवत होता. बाईच चुकत होती."

"डावीकडे!" सगळा व्हरांडा एका सुरात ओरडला, आणि क्लेमनं चाक उजवीकडे फिरवलं.